सुखार, आठ नग



व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प गुंफायला मला बोलावलंत. माझ्याकडे फुलं नाहीत, वॉशर आहेत. तेवढं गोड मानून घ्या.

मी रशियन शिकले ती चेखव मुळातून वाचता यावा म्हणून. सत्तरच्या दशकात पेडर रोडवरच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात संध्याकाळचे वर्ग भरायचे. दोन-तीन रुपयांत जाडजूड कादंबरी हातात पडायची. नोकरी मात्र लागली फोर्टातल्या एका खासगी कंपनीत, आणि टेबलावर चेखवऐवजी येऊन पडल्या याद्या. जहाजावरच्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या याद्या. गुपित म्हणावं असं माझ्यापर्यंत काही येत नसे. तोफा-क्षेपणास्त्रांचे कागद वेगळ्या वाटेने जात. माझ्या वाट्याला पंप, पंखे, झडपा, छोटी डिझेल इंजिनं.

पहिल्याच महिन्यात एका यादीत शब्द आला : सुखार, आठ नग. शब्दकोशात अर्थ दिला होता, वाळवलेल्या पावाचा तुकडा. म्हणजे आपला टोस्ट. मी विचार केला, खलाशांच्या शिध्याची यादी चुकून यात आली असणार. तसा शेराही मारला. मग शंका आली म्हणून तो कागद घेऊन खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अण्णांकडे गेले. अण्णा गोदीत चार्जमन होते. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला, डोळे पुसले, आणि बराच वेळ नुसते हसत राहिले. मग वर्तमानपत्राच्या कडेला एक दांडा काढला, दांड्याला खाच काढली आणि खाचेत बसणाऱ्या दोन अर्ध्या फाकी काढल्या.

“हे बघ पोरी. व्हॉल्व्हचं लॉक. एका व्हॉल्व्हला दोन कपचे. आठ म्हणजे चार व्हॉल्व्हची सोय. आणि हे निसटलं ना, तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरात. मग इंजिनाचा चहा-टोस्ट.”

त्या दिवसापासून मी एक वही घातली. तीन रकाने : रशियन शब्द, इंग्रजी शब्द आणि अण्णांचा शब्द. ती वही आज इथे आणली आहे. रशियन कारागिरांनी यंत्राला काय काय नावं दिली आहेत पाहा. पिनेला ते ‘पालेत्स’ म्हणतात, म्हणजे बोट. कॅमला ‘कुलाचोक’, इवलीशी मूठ. सिलिंडरभोवती पाणी खेळवायचं जे जॅकेट असतं त्याला ‘रुबाश्का’, म्हणजे सदरा. दांड्याभोवतीची गळती थांबवणाऱ्या ग्लँडला ‘साल्निक’, कारण पूर्वी तिथे चरबीत भिजवलेलं भरण ठासत, आणि ‘साला’ म्हणजे चरबी. हे सगळं मी अण्णांना सांगायची आणि ते म्हणायचे, माणसं आपल्यासारखीच आहेत की.

ज्या जहाजांमुळे या याद्या माझ्या टेबलावर यायला लागल्या, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. राजपूत वर्गाच्या पाच विनाशिका : राजपूत, राणा, रणजीत, रणवीर आणि रणविजय.

यातली तीन नावं जुनी. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली ब्रिटिश नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या तीन विनाशिका आपण घेतल्या आणि त्यांना राजपूत, राणा आणि रणजीत अशी नावं दिली. १९७१च्या डिसेंबरात विशाखापट्टणमच्या समुद्रात ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली, तेव्हा जिचं नाव गाजलं ती ही जुनी राजपूत. सत्तरच्या दशकात ती पिढी निवृत्त झाली, आणि तीच नावं नव्या, सोव्हिएत बनावटीच्या जहाजांना मिळाली.

ही नवी जहाजं ज्या घराण्यातली, त्याला पाश्चात्त्य नौदलं ‘काशिन’ म्हणत. सोव्हिएत कागदांत त्यांचं नाव नुसतं ‘प्रकल्प ६१’. पहिलं जहाज १९६२ साली तयार झालं. मोठ्या युद्धनौकांमध्ये केवळ गॅस टर्बाइनवर चालणारा जगातला हा पहिला वर्ग. बॉयलर नाही, वाफ नाही. विमानाच्या इंजिनाचे चुलतभाऊ शोभतील अशी चार टर्बाइनं, दोन पंखे, सुमारे ७२ हजार अश्वशक्ती आणि ३५ नॉटच्या आसपास वेग. टर्बाइनांच्या त्या उंच, बारीक शिट्टीमुळे रशियन खलाशी या जहाजांना ‘गाणारी फ्रिगेट’ म्हणायचे. सोव्हिएत नौदलासाठी अशी २० जहाजं झाली, आणि नंतर आपल्यासाठी पाच. आपल्या पाचांत मागची एक तोफ काढून तिथे हेलिकॉप्टरची सोय केली होती. क्षेपणास्त्रंही वेगळी होती. म्हणजे ही पाच भावंडं त्या विसांची सख्खी नव्हेत, सावत्र. सुट्या भागांच्या माणसाला हे वाक्य ऐकूनच घाम फुटतो. ज्या जहाजाची जुळी जास्त, त्याचे भाग मिळायला सोपे. आपली जुळी जगात पाचच.

बांधकाम झालं निकोलायेव्ह या शहरात. युक्रेनियन लोक त्याला मिकोलाईव म्हणतात. १७८९ साली जहाजं बांधायला म्हणूनच वसवलेलं गाव. तिथल्या ज्या गोदीत आपल्या विनाशिका जन्मल्या तिचं नाव ‘६१ कम्युनार्ड’, आणि तिच्या आधीच्या झारकालीन अवतारात तिथेच ‘पोटेमकिन’ ही बंडाची युद्धनौका बांधली गेली. १९७६ साली राजपूतचा तळ तिथे घातला गेला, त्याच वर्षी त्याच गोदीत आणखी एका मोठ्या क्रूझरचा तळ पडला. ती पुढे ‘मॉस्क्वा’ या नावाने ओळखली गेली आणि १४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रात बुडाली. एकाच अंगणात एकाच वर्षी पाळणे हलले.

गोदीत असताना या जहाजांना रशियन नावं होती, आणि भाषांतरकाराला ती सोडवत नाहीत. राजपूतचं नाव ‘नाद्योझ्नी’. आपल्याकडे काही ठिकाणी त्याचा अर्थ ‘आशा’ असा छापून आला आहे. शब्दाचं मूळ तेच, पण अर्थ ‘भरवशाचा’. राणा म्हणजे ‘गुबीतेल्नी’, संहारक. रणजीत म्हणजे ‘लोव्की’, चपळ. रणवीर म्हणजे ‘त्व्योर्दी’, टणक. आणि रणविजयचं नाव ‘तोल्कोवी’, म्हणजे समजूतदार, डोक्याने चालणारा. युद्धनौकेला ‘समजूतदार’ म्हणणारी भाषा मी का शिकले, असं मला कधीच वाटलं नाही.

४ मे १९८० रोजी जॉर्जियातल्या पोती बंदरात राजपूत आपल्या नौदलात दाखल झाली. मॉस्कोतले आपले राजदूत तेव्हा इंद्रकुमार गुजराल होते. पहिले कप्तान गुलाब हिरानंदानी. हेच हिरानंदानी निवृत्तीनंतर नौदलाचे इतिहासकार झाले. ‘ट्रान्झिशन टू एमिनन्स’ हा १९७६ ते १९९०चा इतिहास त्यांचा. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९८३मध्ये, रणजीत आली. तिचे पहिले कप्तान विष्णू भागवत, जे पुढे नौदलप्रमुख झाले. ऐंशीचं दशक संपेपर्यंत पाचही आल्या होत्या.

आता जहाजाबरोबर काय येतं ते सांगते. लोकांना वाटतं जहाज येतं. खरं तर जहाजाबरोबर खोकी येतात.

रशियनमध्ये त्याला ‘झिप’ म्हणतात. तीन शब्दांची आद्याक्षरं : सुटे भाग, अवजारं आणि जोडसाहित्य. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक झिप, म्हणजे रोजच्या वापरात लागणारे भाग. मग एकसारख्या यंत्रांच्या गटाला मिळून एक. मग मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळा. आपल्या नौदलात याच गोष्टीला जहाजावरचे स्पेअर आणि तळावरच्या भांडारातले स्पेअर म्हणतात. झिपचं खोकं लाकडी. झाकणाच्या आतून यादी डकवलेली. आत प्रत्येक भाग मेणकागदात, आणि त्यावर तपकिरी ग्रीसचा असा थर की हात तीन दिवस वास सोडत नाही. आणि हमखास एक पाना, त्या एकाच नटासाठी बनवलेला, जगात दुसरीकडे कुठे न लागणारा. अण्णा म्हणायचे, पाना हरवला तर नट गेला असं समज.

खोक्याबरोबर एक वही येते. तिचं नाव ‘फर्मुल्यार’. जाड पुठ्ठ्याची. यंत्राची जन्मपत्रिका, शाळेचा दाखला आणि दवाखान्याचा केसपेपर असं सगळं एकत्र. कुठल्या कारखान्यात जन्म, अनुक्रमांक काय, ग्रीस लावून कधी बांधलं, कधी सोडलं, कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेलं, किती तास चाललं. पानोपानी सही-शिक्का. आणि त्यात एक रकाना असतो, ‘रिसूर्स’. या यंत्राला आयुष्य किती तासांचं नेमून दिलं आहे, ते त्यात लिहिलेलं असतं.

इथे दोन पद्धतींचा फरक येतो, आणि मला वाटतं आजचं सगळं बोलणं या फरकापाशीच आहे. आपली गोदी इंग्रजी वळणाची. यंत्र बिघडतंय असं वाटलं की खोलायचं, झिजलेलं काय ते बघायचं, घासायचं, भरायचं, पुन्हा बसवायचं. कारागिराच्या हाताला मान. सोव्हिएत पद्धतीत यंत्र नेमून दिलेले तास चालवायचं, तास भरले की धडधाकट असलं तरी उतरवायचं आणि मोठ्या दुरुस्तीला कारखान्यात परत पाठवायचं. दुसरं बसवायचं. अण्णांच्या शब्दांत : “इंग्रजी मशीन खोलून बघायचं, रशियन मशीन वही उघडून.”

लढाईच्या दृष्टीने या पद्धतीत खोट नव्हती. साधी माणसं, साधी अवजारं आणि पाठीशी अखंड चालणारा कारखाना. अडचण एवढीच की मागणी वेळेत द्यावी लागे. तिकडे सगळं योजनेत बसलेलं. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तुमची गॅस्केट आली नाही, तर ती त्याच्या पुढच्या वर्षी. कोणता पंप कधी गळेल हे दोन-दोन वर्षं आधी सांगायचं म्हणजे ज्योतिषच. म्हणून आपली माणसं जास्तच मागवून ठेवत, आणि भांडारात काही भाग ढिगाने, तर काही औषधालाही नाही, असा प्रकार व्हायचा. रबराचा माल तर वापरा न वापरा, फडताळात बसल्याबसल्या म्हातारा होतो. पैसे मात्र रुपयांत, ही मोठी सोय होती. जहाज, टर्बाइन, खोकी, सगळं रुपया-रूबलच्या खात्यावर.

आणि १९९१च्या डिसेंबरात कारखान्यामागचा देशच गेला.

साधं गणित मांडते. त्या दिवशी राजपूत साडेअकरा वर्षांची होती. रणविजय चारेक वर्षांची, म्हणजे अंगावरचा पहिला रंगही धड उतरला नसेल. राजपूत पुढे २०२१पर्यंत चालली. एकूण ४१ वर्षं, त्यातली जवळजवळ ३० वर्षं तिला बनवणारा देश नकाशावर नव्हता. आपण कौतुक करतो ते तिच्या क्षेपणास्त्रांचं. मला या ३० वर्षांचं जास्त वाटतं.

गोदी आणि टर्बाइनचा कारखाना, दोन्ही मिकोलाईवमध्ये, म्हणजे आता युक्रेनमध्ये. क्षेपणास्त्रं रशियात. एका पंपाच्या यादीतले भाग तीन देशांत. रुपयांचं खातं बंद, डॉलर टाका. आणि डॉलर कुठून टाकणार? त्याच १९९१च्या जुलैत परकीय चलनासाठी आपण ४७ टन सोनं इंग्लंडच्या बँकेत गहाण ठेवलं होतं.

त्या काळात मी पाठवलेले टेलेक्स आणि पत्रं यांची एक फाइल होती. काही पत्रं तशीच परत. एका कारखान्याचं उत्तर आलं की पंप आम्ही अजून करतो, पण त्यातला सील शेजारच्या प्रजासत्ताकात व्हायचा, आता ते परराष्ट्र आहे आणि त्यांचं उत्तर आम्हालाही येत नाही. दुसऱ्या एकाने कळवलं की आम्ही आता घरगुती भांडी करतो, हवी असल्यास दरपत्रक पाठवू. दरपत्रक खरोखर आलं. तळण्याच्या कढया चांगल्या होत्या.

मग आले मधले लोक. कुठल्यातरी गोदामातून माल उचलायचा, रंग मारायचा आणि नवा म्हणून खपवायचा. असाच एक पंप आमच्या कंपनीत आला. कोणी आणला ते सांगत नाही, आणि तो माणूस आता या धंद्यात नाही. पंप चकचकीत. फर्मुल्यार सोबत. त्यात लिहिलेलं, चाललेले तास शून्य. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण वही कळते. सोव्हिएत वहीच्या शेवटच्या पानावर नेहमी एक ओळ असते : या वहीत इतकी पानं, क्रमांक घातलेली, दोऱ्याने ओवलेली, मोहोर केलेली. इथे लिहिलं होतं ४८. मी मोजली, ४६. पुन्हा मोजली. बाराव्या पानानंतर पंधरावं. दोरा मात्र नवाकोरा, पांढरा, आणि मोहोरेचं मेण वहीच्या रंगापेक्षा तरुण. संध्याकाळी अण्णांना बोलावलं. त्यांनी कागद बघितलाच नाही. दांड्याला हात घालून सावकाश फिरवलं, कान लावला, आणि म्हणाले, “हा पाहुणा कुठेतरी जेवून आलाय.” पंप परत गेला.

या सगळ्यातून एकच वाट होती, भाग इथे करायचे. बोलायला सोपं. नमुना हातात आहे, मापं घ्या, लेथवर चढवा. पण जहाजाबरोबर खोकी आली, वह्या आल्या, त्यातले नकाशे नेहमीच आले असं नाही. भागाचं माप भागावरून घेता येतं, पण ढिलाई किती चालेल हे नकाशावरच असतं. धातू कोणता ते प्रयोगशाळा सांगते. तो कसा तापवला आणि कसा थंड केला हे धातूला विचारावं लागतं, आणि तो पटकन बोलत नाही.

काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, इथे समोर बसल्या आहेत. त्यांची माफी मागून एक किस्सा सांगते. नव्वदच्या दशकात अण्णा निवृत्त झाले होते आणि आमच्या कंपनीने एका झडपेसाठी रबराच्या ओ-रिंगा इथल्या एका कारखान्यातून करून घेतल्या. माप तंतोतंत. व्हर्नियर लावून मीही बघितलं, मोठी शहाणी. अण्णांनी एक रिंग उचलली, वास घेतला, वाकवली आणि घरी नेली. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पेल्यात डिझेल ओतून त्यात रात्रभर टाकली. सकाळी ती रिंग भिजवलेल्या वालासारखी फुगली होती. साधं रबर तेलात फुगतं, तिथे नायट्राइल लागतं. यादीत रबराच्या जातीचा एक आकडा होता. मी तो मालाचा अनुक्रमांक समजून गाळला होता. चूक माझी. पेला काकूंनी भंगारात दिला, आणि ते अजून विसरल्या नाहीत. बघा, हसताहेत.

बेअरिंगचं मात्र सोपं होतं, आणि ती गंमत मला फार आवडते. रशियन यादीत लिहिलेलं असे, पद्शीप्निक ३०८. आपल्याकडच्या बाजारात तेच ६३०८. पुढचा सहा तेवढा वाढवायचा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं : आठ पंचे चाळीस, चाळीस मिलिमीटर. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरचा कुठलाही पोऱ्या हे झोपेत सांगेल. अर्थात असं परस्पर आणून युद्धनौकेवर बसवता येत नाही. तपासणी, मंजुरी, चाचणी, सगळं आलं. पण मॉस्कोची मानकं आणि नागदेवी यांच्यात फक्त एका सहाचं अंतर आहे, हे कळल्यावर मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं.

आणि याच्या उलट जड प्रकार संगणकाचा. एका भांडाराच्या याद्या संगणकावर चढवायचं काम आमच्याकडे आलं. रशियन लिपीतलं ‘स’ दिसायला इंग्रजी ‘सी’सारखं. ‘र’ दिसतो ‘पी’सारखा, ‘व’ ‘बी’सारखा आणि ‘न’ चक्क ‘एच’सारखा. एका मुलाने भाग क्रमांक जसा दिसला तसा टंकला, दुसऱ्याने जसा वाचला तसा. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे भाग झाले. एका नावाखाली शिल्लक शून्य, तातडीची मागणी. दुसऱ्या नावाखाली तोच भाग, १४ नग, वर्षानुवर्षं कोणी न मागितलेला. मी आणि दोन मुली, आम्ही पाच महिने फक्त अक्षरं जुळवत होतो. त्या पाच महिन्यांत मी चेखवचं एक पान वाचलं नाही, आणि तरी म्हणेन की माझ्या रशियनचा एवढा उपयोग पुन्हा कधी झाला नाही.

मोठी कामं अर्थातच मोठ्या लोकांनी केली. विशाखापट्टणमला नौदलाने गॅस टर्बाइन उलगडून दुरुस्त करणारं स्वतःचं केंद्र उभारलं, आयएनएस एक्सिला. जे यंत्र तास भरले की परत पाठवायचं असा नियम होता, ते इथेच खोलायला लागलो. म्हणजे रशियन वही ठेवली आणि हात इंग्रजी गोदीचे लावले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत या टर्बाइनांवर शिकून गेलेली मराठी मुलं मला पुढे कित्येकदा भेटली. जुनी क्षेपणास्त्रं काढली तिथे नवी बसली. २००३ साली ब्राह्मोसची जहाजावरून पहिली चाचणी झाली ती राजपूतवरून. २००८ साली उभ्या नळीतून ते डागलं ते रणवीरवरून. यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ आलेलं आहे, मी थांबते.

पण टर्बाइनचा धागा सुटत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली दिल्ली वर्गाची जहाजं, दिल्ली, म्हैसूर, मुंबई, यांच्या पोटातही मिकोलाईवचीच टर्बाइनं. आयएनएस दिल्लीचा तळ १९८७ साली घातला आणि ती नौदलात आली १९९७ साली. त्या दहा वर्षांच्या मधोमध एक देश मोडला होता, हे लक्षात घ्या. आणि २०१४नंतर तर गंमत बघा. क्रिमिया प्रकरणानंतर युक्रेनने रशियाला टर्बाइनं देणं बंद केलं. रशियाच्या कालिनिनग्राडच्या गोदीत दोन फ्रिगेटचे सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. २०१६ साली ते आपण घ्यायचं ठरलं, पण इंजिनाचं काय? भारताने इंजिनं युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियाच्या गोदीत पोचती केली. युक्रेनचं इंजिन, रशियाचं जहाज, भारताचे पैसे. त्यातली ‘तुशील’ ९ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या नौदलात आली, ‘तमाल’ १ जुलै २०२५ रोजी. भांडणाऱ्या दोन भावांच्या घरी एकाच मोलकरणीने निरोप पोचवावेत, तसं आपण केलं. यात लाज काही नाही. मोलकरणीला दोन्ही घरं कळतात.

रणजीत ६ मे २०१९ रोजी विशाखापट्टणमला निवृत्त झाली. अण्णा त्याच पावसाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना बातमीचं कात्रण वाचून दाखवलं : २१९० दिवस समुद्रावर, सात लाख ४३ हजार सागरी मैल. त्यांनी विचारलं, “सामान उतरवलं का?” मला आधी कळेना. मग कळलं. जहाज निवृत्त व्हायच्या आधी त्याच्या अंगावरचं जे जे चांगलं असेल ते भावंडांसाठी काढून घ्यायचं असतं. पंप, मोटरी, झडपा. बाहेर मिळत नाही म्हटल्यावर शेवटचं भांडार म्हणजे मोठी बहीणच. गोदीतली ही जुनी रीत. मी म्हटलं, उतरवलं असेल अण्णा. ते म्हणाले, “वह्या पण उतरवायला सांग. नाहीतर तास कळायचे नाहीत.”

राजपूत २१ मे २०२१ रोजी गेली. करोनाचे दिवस, समारंभाला फक्त तळावरची मंडळी. सूर्यास्ताला ध्वज उतरवला. पुढच्या वर्षी रशिया-युक्रेन युद्धात मिकोलाईववर तोफा चालल्या, टर्बाइनच्या कारखान्यावर मारा झाला. दूरदर्शनवर ते शहर मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. चाळीस वर्षं त्याचं नाव मी पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत लिहीत आले होते.

गेल्या वर्षी एका तरुण मुलाचा फोन आला. लहानसा कारखाना आहे त्याचा, पुण्याकडे. म्हणाला, “मॅडम, एक यादी आहे, रशियन आहे, पण अ‍ॅपवर नीट उतरत नाही.” मी म्हटलं, वाच. तो अडखळत वाचू लागला. फ्तूल्का. बुश, ठीक. प्रोक्लाद्का. गॅस्केट, ठीक. मग म्हणाला, पिद्शिप्निक. मी म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा पिद्शिप्निक. अरे, रशियनमध्ये ‘पद्’ असतं रे. मग उजेड पडला. यादी रशियन नव्हतीच, युक्रेनियन होती.

त्याला म्हटलं, आठ दिवस दे. अर्धे शब्द ओळखीचे होते, अर्धे नव्हते. मग शब्दकोश मागवला आणि वहीत चौथा रकाना आखला. सध्या मी मुळाक्षरांवर आहे. रशियन ‘इ’ त्यांच्याकडे त्याच अक्षरात लिहिलेला असला, तरी उच्चार वेगळा होतो. आणि इंग्रजी ‘आय’सारखं दिसणारं जे अक्षर आहे, तो त्यांचा खरा ‘इ’. त्या मुलाला मी बजावून ठेवलं आहे की यादी संगणकावर चढवायच्या आधी एकदा मला दाखव.